पोटाच्या नावावर तीन आठवडे

मी चार खणांचा डबा आहे आणि मला बोलायची हौस अजिबात नाही. जेवण गरम ठेवायचं आणि तोंड बंद ठेवायचं, एवढंच माझं काम. कडी घट्ट लावली की दोन्ही होतं. पण गेले आठ महिने मी माणसांचं एकच भांडण ऐकतो आहे, तेही जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे नेमकं माझ्या वेळेत. मला कान नाहीत म्हणून बरं, नाहीतर ते केव्हाच किटले असते. म्हणून आज मन मोकळं करतोय.

माझा जन्म साधाच. पत्र्याचा गोल तुकडा यंत्राखाली गेला, दणका बसला आणि मी खोलगट होऊन बाहेर आलो. असे चार दणके, मग दांडी, मग कडी. दुकानात मी फार दिवस राहिलो नाही. पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यातली माणसं आली आणि मला सगळ्यांनी मिळून विकत घेतलं. एकाच्या नावावर नाही, सगळ्यांच्या. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. बारा जणांचा डबा म्हणजे बारा जणांची मतं ऐकायची, हे तेव्हा कळलं नव्हतं.

मला का घेतलं, ते सांगतो. कारखान्यात पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकणारा एक म्हातारा कारागीर होता. एकटाच राहायचा. त्याला ताप भरला, चार दिवस तो आला नाही, आणि पाचव्या दिवशी शिलाईच्या टेबलावरची मावशी त्याच्या खोलीवर गेली तर त्याने चार दिवसांत फक्त पाणी प्यालेलं. मावशी परत आली ती चिडूनच. "बारा जण रोज एकमेकांसमोर बसून जेवतो आणि एक माणूस उपाशी राहतो," ती म्हणाली, "लाज वाटली पाहिजे आपल्याला." दुसऱ्या दिवशी मी आलो. खळीच्या टेबलावरच्या फळीवर माझी जागा ठरली आणि शेजारी भिंतीवर एक काळा फळा लागला. त्यावर चार रकाने: नाव, आजार, किती दिवस, आज कोणाची पाळी. तीन दिवसांच्या वर कोणी आजारी पडलं की त्याचं नाव फळ्यावर लिहायचं आणि पाळीपाळीने डबा पोचवायचा. मालकांनीही मान्य केलं की फळ्यावर नाव आहे तोवर त्या माणसाच्या जागी दुसरा कोणी घ्यायचा नाही. त्यामुळे फळ्यावरचा खडू हा कारखान्यातला सगळ्यात वजनदार माणूस झाला.

पहिली काही वर्षं मजेत गेली. म्हणजे माझी, आजारी माणसांची कशी जाणार. मी बाळंतिणीकडे गेलो, पाय मोडलेल्याकडे गेलो. पाय मोडलेला स्वतःच्याच मस्तीत मोटरसायकलवर हात सोडून चालला होता, पण ते कोणी फळ्यावर लिहिलं नाही. मुकादमांचं हृदय बिघडलं तेव्हा मी तीन आठवडे बिनमिठाचं नेलं. मुकादम दिवसाला वीस सिगारेटी ओढायचे. कोणी म्हणालं नाही की आधी सिगारेटी सोडा, मग डबा.

आणि खळवाले काका. हे पुस्तकांच्या पाठींना खळ लावतात आणि कारखान्यातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलतात. त्यांना साखरेचा विकार. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, म्हणून चाळीस दिवस घरी होते. चाळीस दिवस मी त्यांच्याकडे उकडलेल्या भाज्या नेल्या. काकांनी त्या नाक मुरडत खाल्ल्या आणि डबा नेणारा पाठमोरा झाला की उशीखालून मिठाईचा पुडा काढला. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर होतो, मी सगळं पाहिलं. जखम भरायला चाळीस दिवस लागले त्यातले वीस तरी त्या पुड्याचे. पण फळ्यावर शेवटपर्यंत "साखर" एवढंच होतं, आणि डबा एक दिवसही चुकला नाही. बरोबरच होतं ते. मी तक्रार करत नाही. पुढचं ऐकताना फक्त एवढं ध्यानात ठेवा.

आता फूटपट्टीकडे येतो. हे त्याचं खरं नाव नव्हे. तो कटिंग मशीनवर असायचा आणि नुसत्या नजरेने इतकं सरळ कापायचा की सगळे त्याला फूटपट्टीच म्हणायचे. कमी बोलणारा, स्वच्छ कपड्यांचा माणूस. त्याची बायको शिंप्याच्या दुकानात काज करते. तिला सगळे वहिनी म्हणतात. फूटपट्टीची पाळी असली की मला भरायची तीच. झाकणाच्या आतली वाफ पुसून मग झाकण लावणारी ती एकटीच, म्हणून ती माझी आवडती.

फूटपट्टी पितो हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं. माणसांना हे छान जमतं. सकाळी त्याचे हात कापायचे तेव्हा "थंडी आहे" म्हणायचे. उकाड्यातही म्हणायचे. मग एके दिवशी त्याने शाळेच्या नकाशांच्या पुस्तकांची दीडशेची थप्पी चार बोटं आत कापली. एक अख्खा समुद्र कचऱ्याच्या टोपलीत गेला. मुकादमांनी त्याला बाजूला घेतलं, तोंडाजवळ नाक नेलं, आणि मग सगळ्यांना अचानक ठाऊक झालं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली. त्यात लिहिलं होतं की या माणसाला व्यसनाचा आजार आहे, मोठ्या हॉस्पिटलात त्याचा वेगळा वॉर्ड आहे, तिथे सहा आठवडे राहायला हवं, आणि मधेच सोडलं तर सगळं मुसळ केरात. वहिनीने ती चिठ्ठी मुकादमांच्या हातात दिली आणि ती कामावर निघून गेली. जेवणाच्या सुट्टीत मुकादमांनी ती मोठ्याने वाचली. झालं. डबे उघडले, पण घास कोणी घेईना.

"आजार?" खळवाले काका म्हणाले. "बाटली काय हवेतून येते? ताप येतो तसा येतो का हा? स्वतःच्या पायांनी चालत दुकानात जायचं आणि म्हणायचं मी आजारी."

"डॉक्टरनेच लिहिलंय, काका," मुकादम म्हणाले.

"डॉक्टर काहीही लिहितील. उद्या आळसालाही आजार म्हणतील. मग मला पण सहा आठवडे द्या."

मी फळीवर बसून हे ऐकत होतो. ह्या माणसाला मी चाळीस दिवस भाज्या पोचवल्या. काकांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही. दुकानात पाय जातात हे खरंच आहे. पण मिठाईच्या दुकानात काय काकांचे हात जात होते?

मावशी म्हणाली, "आजार म्हटलं की त्याला पळवाट मिळते. मग तो म्हणेल, मी काय करू, आजारच आहे. आणि आजार नाही म्हटलं तर वॉर्डात कोण जाईल? मला काही सुचत नाही."

त्या दिवशीचं सगळ्यात खरं बोलणं तेच होतं, पण त्यात कोणी डोकं घातलं नाही. उलट मुकादमांना तोडगा सुचला. माणसांना जेव्हा तोडगा सुचतो तेव्हा मला धडकीच भरते. मुकादम उठले, खडू घेतला आणि फळ्यावर फूटपट्टीच्या नावापुढे लिहिलं: "पोट". पुढच्या रकान्यात "तीन आठवडे", कारण मागे एकाचं पोट बिघडलं होतं तेव्हा तेवढेच लिहिले होते. सगळ्यांना हायसं वाटलं. कोणाला बोल नाही, कोणाला लाज नाही. काका सुद्धा म्हणाले, "पोट असेल तर माझी ना नाही." आता बोला. अकरा शहाणी माणसं एका खडूने समाधानी झाली.

त्याचे भोग मी भोगले. पोटाचा आजारी माणूस घरी असतो, म्हणून मला घरी न्यायचे. पण फूटपट्टी होता वॉर्डात. वहिनी दुपारी दुकानातून धावत घरी यायची, दार अर्धंच उघडायची, "झोपलेत" म्हणायची, मला आत घ्यायची. मग संध्याकाळी मला पिशवीत घालून दोन बसगाड्या बदलून वॉर्डात. तोवर जेवण थंडगार. शिवाय पोटासाठी म्हणून सगळे जण पातळ, बिनतेलाचं, बिनतिखटाचं पाठवायचे. वॉर्डात तर त्याला सपाटून भूक लागायची. दारू सुटते तेव्हा माणूस खायला मागतो, हे तिथल्या परिचारिकेने वहिनीला सांगितलं होतं. वहिनी रोज त्या पाण्यासारख्या जेवणाकडे बघायची आणि सोबत स्वतःच्या वाटणीचं वाढायची. शेजारणीही पोटाला काय काय चांगलं असतं ते सांगायला यायच्या. ती सगळ्यांना हो म्हणायची. खोटं एकाने लिहिलं आणि ते राखत बसली ती.

तरी तो सुधारत होता. दुसऱ्या आठवड्यात हातांचं कापणं कमी झालं. तिसऱ्यात तो वहिनीकडे बघून बोलायला लागला. आणि मग मुकादमांचा निरोप आला. तीन आठवडे होत आले, पोट बरं झालं असेलच, कामाच्या थप्प्या छपराला लागल्यात, सोमवारी या.

"तुम्ही जायचं नाही," वहिनी म्हणाली. "सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे."

"पोटाला सहा आठवडे कोण देतं?" तो म्हणाला. "शंका येईल सगळ्यांना."

"सगळ्यांना माहितीये."

"फळ्यावर पोट लिहिलंय ना. जागा त्याच्यावर टिकलीये. नाही गेलो तर नाव पुसतील आणि दुसरा घेतील."

तिने पुष्कळ विनवलं. शेवटी माझी कडी लावता लावता तिचं बोट चिमटलं आणि ती रडली. बोट काही इतकं दुखलं नव्हतं. सोमवारी तो कामावर गेला. सगळ्यांनी "कसं आहे पोट?" विचारलं. "बरं आहे," तो म्हणाला. नऊ दिवस बरं होतं.

दहाव्या दिवशी काय झालं ते मी फळीवरून पाहिलं. त्या कटिंग मशीनला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे कोणाचाही हात पात्याखाली असूच शकत नाही. फूटपट्टीचे हात पुन्हा कापायला लागले होते. थप्पी सरळ राहीना. कापणं वाकडं गेलं तर सगळ्यांना कळेल, म्हणून त्याने डावं बटण शिलाईच्या दोऱ्याने बांधून खाली दाबून ठेवलं आणि डाव्या हाताने थप्पी धरली. पात्याखाली. उजवा हात बटणाकडे गेला आणि मावशी दोऱ्याचं रीळ शोधत तिथे आली. तिने दोरा पाहिला. ती ओरडली नाही. तिने भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला आणि अख्खा कारखाना बंद पाडला. मग पुढे होऊन बटणावरचा दोरा कात्रीने कापला.

फूटपट्टीला घरी पाठवलं. आता मुकादमांपुढे दोनच वाटा होत्या. फळ्यावर नाव, नाहीतर कामावरून कमी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तेच भांडण सुरू झालं. आजार आहे, नाही, आहे, नाही. काका म्हणाले, एकदा डबा खाऊन झाला, आता दुसऱ्यांदा काय. मुकादम म्हणाले, पोट पुन्हा लिहिता येणार नाही, मालक विचारतील. कोणीतरी म्हणालं, मग पाठ लिहू या. मला वाटलं आपणच फळीवरून उडी मारावी आणि कोणाच्या तरी पायावर पडावं.

तेवढ्यात दारात वहिनी आली. शिंप्याच्या दुकानातून तशीच आलेली, गळ्यात टेप.

"पाठ लिहू नका," ती म्हणाली. तिने ऐकलं होतं.

काका म्हणाले, "वहिनी, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. पण तुम्हीच सांगा, ह्याला आजार म्हणायचं? उद्या जो तो पिऊन येईल आणि फळ्यावर नाव लिहा म्हणेल."

आता ऐका. काकांच्या त्या चाळीस दिवसांत फूटपट्टीच्या चार पाळ्या आल्या, आणि चारही वेळा मला घेऊन वहिनीच गेली होती. त्यांची चादर बदलताना तिला उशीखालचा पुडा सापडला होता आणि तिने तो काही न बोलता जागेवर ठेवला होता. मला वाटलं, आता बोलेल. बोल की बाई, मी मनात म्हणत होतो. एक वाक्य बोल आणि ह्या माणसाचं तोंड कायमचं बंद कर. ती नाही बोलली. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

ती म्हणाली, "काका, मलाही रोज हाच प्रश्न पडतो. मी सकाळी त्यांना आजारी म्हणते आणि संध्याकाळी शिव्या घालते. त्यांनी मला कितीदा फसवलंय ते मी इथे सांगत बसत नाही. ते आजारी आहेत की वाईट आहेत, मला खरंच कळत नाही. दोन्ही असतील. पण बरं व्हायला सहा आठवडे लागतात एवढं मला कळलंय. आणि ते सहा आठवडे मला पोटाच्या नावावर मिळाले नाहीत. तीनच मिळाले. तुम्ही आमची अब्रू वाचवायला गेलात, आणि काल त्यांचा हात जाणार होता."

काका खाली बघत म्हणाले, "जखम भरत नव्हती तेव्हा तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी इतके दिवस एवढी बडबड. मी कपाळाला हात लावला असता, पण दोन्ही नाहीत.

मग मावशी उठली. तिला लिहायचं म्हणजे वेळ लागतो, ती अक्षर न् अक्षर कोरते. "माझ्या भावाला आम्ही शेवटपर्यंत अशक्तपणा आहे म्हणत होतो," ती फळ्याकडे तोंड करून म्हणाली. "जाळायला नेला तेव्हाही अशक्तपणाच." तिने फूटपट्टीचं नाव लिहिलं. त्याच्यापुढे लिहिलं: "दारू". त्याच्यापुढे: "सहा आठवडे".

त्या दिवसापासून मला सरळ वॉर्डात न्यायला लागले. दुपारी, गरम. पहिली पाळी काकांनी मागून घेतली. वाटभर ते कुरकुरत होते की मी काही मत बदललेलं नाही, पाय स्वतःचेच असतात. वॉर्डात फूटपट्टीने विचारलं, "फळ्यावर काय लिहिलंय?"

"दारू," काका म्हणाले.

त्याने स्वतःच माझी कडी काढली. मग जेवला. चारही खण पुसून खाल्ले.

सहा आठवडे पूर्ण झाले. परतल्यावर त्याला कटिंग मशीन दिलं नाही, मावशीच्या टेबलावर शिलाईला बसवलं. त्याने नाक मुरडलं नाही. मला वाटलं, मिटलं एकदाचं. माझ्यावर जरा धूळ बसली, तीही आवडली. पाच महिने गेले.

आणि आज सकाळी तो आला तो कालचाच शर्ट घालून. वासाबद्दल मी बोलत नाही. डबा उतरवून ठेवतात तसं त्याने काल रात्रीचं सगळं सगळ्यांसमोर मांडलं, दोन वाक्यांत. मग कोणी काही म्हणायच्या आत फळ्याकडे गेला. खडू घेतला, स्वतःचं नाव लिहिलं. नावापुढे "दारू". दिवसांच्या रकान्याशी थांबला. खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने त्याने लिहिलं: "माहीत नाही." आणि पाय ओढत, एकटाच, वॉर्डाच्या रस्त्याला लागला.

सगळे वैतागले. त्यांना हक्क आहे. मीसुद्धा वैतागलो, पाच महिने म्हणजे काही थोडे नव्हेत. मुकादम म्हणाले, असं किती वेळा चालायचं. मावशीने मला फळीवरून काढलं, धुतलं, आणि विचारलं, "आज कोणाची पाळी?"

काकांचीच निघाली. सगळ्यांनी आपापल्या डब्यातलं थोडं थोडं माझ्यात घातलं. काका मला घेऊन निघाले, तोंडाचा पट्टा चालूच. मधेच वळून शिंप्याच्या दुकानात शिरले. वहिनी काज करत होती. तिने आधी मला पाहिलं, मग काकांकडे. तिचा हात थांबला.

"परत?" ती म्हणाली.

"हो."

"फळ्यावर कोणी लिहिलं?"

"त्यानेच लिहिलं. आणि स्वतःच्या पायांनी वॉर्डात गेलाय," काका म्हणाले.

तिने हातातला काज पुरा केला. दोरा दातांनी तोडला. डोळे पुसले, शिंप्याला काहीतरी सांगितलं आणि चपला घातल्या. "चला," ती म्हणाली, "थंड होईल ते."

तर आत्ता आम्ही तिघं वॉर्डाच्या वाटेवर आहोत आणि जिना आला की मला गप्प बसावं लागेल, खणांतलं सांडतं. जाताजाता एकच मागतो. तो आजारी आहे की नालायक आहे, ह्यावर तुम्ही जन्मभर भांडा. माणसं शहाणी आहेत, तोडगा निघेलही एक दिवस. रागवा त्याच्यावर, अगदी तोंडावर रागवा, तेवढं तो तुमचं देणं लागतो. फक्त फळ्यावर खरं लिहा, आणि भांडायला बसण्याआधी मला भरा. वरच्या मजल्यावर भूक लागलेला एक माणूस वाट बघतोय, आणि आज त्याला स्वतःलाच ठाऊक नाही किती दिवस.